क्रेटर लेकचा मुहूर्त

भेळ खाऊन झाली की तिचा कागद वाचायचा, ही खोड फक्त मराठी माणसालाच आहे असं समजायचं कारण नाही. १८७० साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये विल्यम ग्लॅडस्टन स्टील नावाच्या शाळकरी मुलाने डबा खाल्ला आणि तो ज्या वर्तमानपत्रात बांधून दिला होता, तेही वाचून काढलं. त्यात दूर ऑरेगनमधल्या, डोंगराच्या पोटात खोल बसलेल्या एका तळ्याची हकीकत होती. मुलाने तिथल्या तिथे ठरवलं, हे तळं बघायचं. ही गोष्ट त्यानेच पुढे सांगितलेली आहे, तेव्हा तिला थोडी फोडणी बसली असेल. पण नंतरच्या तारखा पक्क्या आहेत. दोन वर्षांनी त्याचं कुटुंब ऑरेगनला राहायला गेलं. तिथेही तळ्याचा पत्ता कुणाला धड सांगता येईना. ते प्रत्यक्ष दिसलं १८८५ साली, म्हणजे डबा संपल्यानंतर पंधरा वर्षांनी. मग ते राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून स्टीलने आणखी सतरा वर्षं अर्जविनंत्या केल्या, पदरचे पैसे घातले, आणि २२ मे १९०२ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली.

बत्तीस वर्षांचं हे नियोजन ऐकून कुणाला हसू आलं, तर त्याने कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींचा सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

सनीव्हेल, फ्रीमॉन्ट, सॅन रमोन या पट्ट्यात असे ग्रुप ढिगाने आहेत. एकाची कथा सांगितली तरी बाकीच्यांना आपलीच चुगली कुणीतरी केली असं वाटेल. तीन कुटुंबं, पाच मुलं, आणि एका घरी मेहकरहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. सहल त्यांच्या नावाने. मुलांना तळ्यात रस नसतो, मोठ्यांना रजा नसते. पण ‘आई-बाबा आलेत, त्यांना काहीतरी दाखवायला हवं’ म्हटलं की कुणाचंच काही चालत नाही. आई-बाबा स्वतः म्हणतात, “आमचं काही नाही हो, तुम्हाला जमेल तसं करा.” आणि मग रोज संध्याकाळी विचारतात, “काय ठरलं?”

ग्रुपची घडण ठरलेली असते. एक जावई, जो कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर असतो आणि घरी तर असतोच. दुसऱ्या कुटुंबातला एक पुणेकर, ज्याचं मत ‘बघू ऐनवेळी’ असं असतं आणि ते तो वेळेच्या कितीतरी आधी मांडतो. तिसऱ्या कुटुंबातला एक सज्जन, जो प्रत्येक प्रस्तावाला अंगठा दाखवतो. परस्परविरोधी प्रस्तावांनाही.

पहिला प्रस्ताव योसेमिटीचा होता. तो पैशावर पडला. २०२६ पासून अमेरिकेने गर्दीच्या अकरा राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यांवर माणशी शंभर डॉलरचा जादा आकार बसवला आहे. योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन ही सगळी बडी मंडळी त्या यादीत आहेत. वार्षिक पासवाल्याच्या गाडीत बसलेल्या सासू-सासऱ्यांना तो लागतो का, यावर ग्रुपवर दोन दिवस कीस काढला गेला. तेवढ्यात आबांचा, म्हणजे मेहकरच्या पाहुण्यांचा, गुणाकार करून झालेला होता. दोघांचे दोनशे डॉलर, म्हणजे अठरा हजारांच्या वर. “एवढ्यात आमचे अष्टविनायक होतात,” ते म्हणाले, “गाडीसकट.” सासऱ्याने असं म्हटल्यावर ‘पैशाचं काही नाही बाबा’ असं जावयाने म्हणायचं असतं. त्याने ते म्हटलं, आणि त्याच रात्री अकराच्या यादीबाहेरची उद्यानं शोधायला बसला.

क्रेटर लेक, म्हणजे स्टीलचं तळं, त्या यादीत नाही. उन्हाळ्यात गाडीमागे तीस डॉलर, गाडीत मावतील तेवढे नातेवाईक. ठराव एकमताने मंजूर झाला. पुणेकरसुद्धा गप्प बसला, कारण त्याला ते नेमकं कुठे आहे हे बघायला वेळ हवा होता.

तळं म्हणजे एका कोसळलेल्या ज्वालामुखीची जागा. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा नावाचा पर्वत फुटला. पोटातला शिलारस बाहेर पडल्यावर माथ्याला खालून आधार उरला नाही आणि अख्खा माथा आत बसला. त्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फ साठत गेलं. भरायला काही शतकं लागली. आत येणारी नदी नाही, बाहेर जाणारी नाही. खोली १,९४३ फूट, त्यामुळे हे अमेरिकेतलं सर्वांत खोल सरोवर ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून जेवढं उंच आहे, त्याहून हे तळं थोडं जास्तच खोल आहे. पुणेकराने ‘थोडं’ या शब्दावर समाधान मानलं. पाण्याची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८३ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून दोनशेवर मीटर उंच. आपलं सर्वांत उंच शिखर जिथे संपतं, त्याच्याही वर यांचं पाणी सुरू होतं, ही गोष्ट ग्रुपवर टाकल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. एक अंगठा आला.

आबांनी फोटो पाहिला. गोल तळं, सभोवती कडे. “लोणारसारखंच की,” ते म्हणाले.

इथे जावयाने चूक केली. त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. लोणार उल्केच्या आघाताने झालं, हे ज्वालामुखीने. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, हे आठ-दहा किलोमीटर. लोणारचं पाणी खारं, याचं गोडं. लोणारशेजारच्या मेहकरच्या माणसाला लोणार शिकवण्यात काय धोका असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की लोणारला तळापर्यंत चालत उतरता येतं, तिथे पाण्याला हात लागतो, २०२० साली ते अख्खं गुलाबी झालं होतं, आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. “तुमच्या तळ्याला देऊळ आहे का?”

देऊळ नाही, पण दैत्य आहे. तो आजींना सापडला, नातीने मोठ्याने वाचून दाखवलेल्या माहितीत. या भूमीचे मूळ रहिवासी क्लॅमथ लोक सांगतात, की पाताळाचा स्वामी लाओ आणि आकाशाचा स्वामी स्केल यांचं घनघोर युद्ध झालं. लाओचा पाडाव झाला, पर्वत त्याच्यावर कोसळला आणि वर पाणी भरून ती जागा झाकली गेली. आजींना यात नवीन काही वाटलं नाही. लोणासुराचंही विष्णूने असंच केलं होतं. बाकी चर्चा त्यांच्या दृष्टीने तिथेच मिटली. जागा खात्रीची आहे, जायला हरकत नाही.

क्लॅमथ लोकांच्या पूर्वजांनी तो स्फोट प्रत्यक्ष पाहिला असावा, असं म्हणायला आधारही आहे. १९३८ साली ऑरेगनमधल्याच फोर्ट रॉकच्या गुहेत ल्यूथर क्रेसमन या पुरातत्त्वज्ञाला सेजब्रश झुडपाच्या सालीने विणलेल्या डझनांनी चपला सापडल्या. त्या मझामाच्या राखेच्या थराखाली होत्या, म्हणजे स्फोटाआधीच्या. वय नऊ हजार वर्षांच्या पुढे. इतक्या चपला एका जागी पाहिल्यावर मराठी माणसाला आत सत्यनारायण चालू असावा अशीच शंका येईल.

जागा ठरली. राहिली तारीख. आणि खरा पेच तिथेच होता.

सुरुवातीला ग्रुपचं नाव ‘क्रेटर लेक मेमोरियल डे’ असं होतं. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, लांब सुट्टी, सनीव्हेलमध्ये पंखे लागलेले. जावयाने उद्यानाचा वेबकॅम उघडला. पडदा पांढरा. त्याला वाटलं, इंटरनेट गेलं. नंतर कळलं, की ते बर्फ आहे आणि ते तसंच दिसतं. क्रेटर लेकला वर्षाला सरासरी चाळीस फुटांहून जास्त बर्फ पडतं. तळ्याभोवतीचा रिम ड्राइव्ह हा तेहेतीस मैलांचा रस्ता बर्फ उपसून मोकळा करायला वसंत ऋतू सगळा जातो; पश्चिमेचा भाग आधी उघडतो, पूर्वेचा भाग बऱ्याच वर्षी जुलै उजाडेपर्यंत नाही. मेअखेर गेलात तर तळं दिसेल, पण तेवढ्याच कोपऱ्यातून, आणि पायात बूट हवेत.

आबांनी मेहकरहून दोन जोड आणले होते, दोन्ही चपला.

मग ग्रुपचं नाव ‘क्रेटर लेक जून’ झालं. जूनमध्ये निम्मा रस्ता बंद. मग ‘क्रेटर लेक फोर्थ ऑफ जुलै’. या तारखेला रस्ते बहुधा उघडतात, पण वितळत्या बर्फाच्या ओलीवर डासही उघडतात, आणि त्यातून २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे सारा देशच गाडी काढून बाहेर पडणार. आजींनी विचारलं, डासच बघायचे तर मेहकरात काय कमी होते? ऑगस्टमध्ये डास जातात आणि वणव्यांचा धूर येतो. अलीकडच्या वर्षांत पश्चिम अमेरिकेत कुठे ना कुठे जंगल पेटलेलं असतं, आणि वाऱ्याने दिशा बदलली की ज्या निळाईसाठी सातशे किलोमीटर यायचं ती राखाडी दिसते. शिवाय ऑगस्टच्या मध्याला इकडच्या शाळा सुरू होतात, आणि त्याच्याही आधीपासून गणपतीच्या ढोल-ताशा पथकाच्या तालमी असतात. तिथे गैरहजर राहिलं तर मिरवणुकीत ढोल जाऊन हातात झांज येते. सप्टेंबर उत्तम, हवा स्वच्छ, गर्दी कमी, डास नाहीत. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात पुन्हा बर्फ. हिवाळ्यात दक्षिणेकडून रस्ता चालू ठेवतात खरा, पण तळं निम्मा वेळ ढगांत बुडालेलं असतं, म्हणजे सात तास गाडी चालवून वेबकॅमवर दिसतं तेच बघायचं.

एकूण बेरीज केली तर क्रेटर लेकला जाण्याजोगे दिवस लग्नाच्या मुहूर्तांपेक्षाही कमी निघाले. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पहिला आठवडा. त्यातला एक शनिवार-रविवार एका मुलीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा, एक कुणाच्या तरी ग्रीन कार्डच्या पार्टीचा. उरला जुलैचा शेवटचा.

या टप्प्यावर पुणेकराने इतिहास वाचून काढला आणि ग्रुपवर जॉन वेस्ली हिलमनला आणलं. १२ जून १८५३ रोजी हिलमन आणि त्याचे सोबती सोन्याची हरवलेली खाण शोधत या डोंगरात भटकत होते. हिलमनचं खेचर एकाएकी थांबलं. त्याने खाली पाहिलं, तर पायाखाली कडा संपलेला आणि खाली निळं तळं. तळं पाहिल्याची नोंद असलेला हा पहिला गोरा माणूस. त्याच्याकडे नकाशा नव्हता, आरक्षण नव्हतं, वेबकॅम नव्हता. “आणि त्याला दिसलं की नाही तळं?” पुणेकराने विचारलं. “बघू ऐनवेळी.”

जावयाने उत्तर दिलं, की हिलमन जूनमध्ये गेला होता, गाडीला खेचर होतं आणि बरोबर सासूबाई नव्हत्या. वाद तिथे थांबला. हिलमनबद्दल एक गोष्ट मात्र दोघांनीही सांगितली नाही. त्या मंडळींनी तळ्याला एक नाव दिलं, सोनं काही दिसलं नाही म्हणून ते निघून गेले, आणि पुढची कित्येक वर्षं तळ्याची फारशी कुणी विचारपूस केली नाही. पर्यटकाचं ठेवणीतलं ‘बघण्यासारखं काही नाही’ तिथे १८५३ सालीच म्हणून झालेलं आहे.

राहायचं कुठे? तळ्याच्या अगदी कड्यावर एक लॉज आहे, लाकडी, दगडी, फोटोत फारच देखणं. ते १९१५ साली उघडलं, आणि उघडलं तेव्हा पुरतं झालेलं नव्हतं. बाहेरून डांबरी कागद, आत खोल्यांमध्ये पुठ्ठ्यासारख्या पातळ भिंती, आणि वरून दर हिवाळ्यात तेवढं बर्फ. इतकं होऊनही ते पाऊणशे वर्षं चाललं. अखेर १९८९ साली धोकादायक म्हणून बंद केलं आणि जवळजवळ नव्याने बांधून १९९५ साली पुन्हा उघडलं. खोल्या एकाहत्तर. उन्हाळ्यातल्या खोल्या वर्षभर आधी जातात. जावयाने पाहिलं तेव्हा पुढच्या वर्षीच्या जुलैत जागा होती. त्याने ती ग्रुपवर टाकली, आणि सगळ्यांच्या आधी ‘तोवर व्हिसा संपेल’ हे आजींच्या लक्षात आलं.

शेवटी दक्षिणेला साठेक मैलांवर क्लॅमथ फॉल्समधलं एक मोटेल निघालं. मोटेल निवडताना मराठी कुटुंब तीन गोष्टी पाहतं. नाश्ता फुकट आहे का, खोलीत मायक्रोवेव्ह आहे का, आणि धूर ओळखणारी घंटा पलंगाच्या किती जवळ आहे. तिसरी गोष्ट कुठल्याच वेबसाइटवर दिलेली नसते. ती अनुभवी गृहिणी फोटो मोठा करून छतावर शोधते. कारण गाडीच्या डिकीत इलेक्ट्रिक कुकर असतोच, आणि खिचडीला फोडणी लागतेच. फोडणीचं भांडं न्हाणीघरात नेऊन, पंखा लावून, दार बंद करून काम उरकण्याची जी कला परदेशी मराठी बायकांनी विकसित केली आहे, तिच्यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही हे आश्चर्यच.

पुढची बातमी आली तेव्हा मात्र ग्रुप काही तास खरोखर सुन्न होता. तळ्याच्या पाण्यापर्यंत जायला कायद्याने परवानगी असलेली एकच वाट आहे, क्लीटवूड कोव्हची. सव्वा मैलाच्या आत सातशे फूट उतार, परतताना अर्थातच तेवढाच चढ. ती वाट दुरुस्तीसाठी २०२६ पासून काही वर्षं बंद. म्हणजे होडीची फेरी बंद, पोहणं बंद, मासेमारी बंद. तळं फक्त वरून बघायचं.

“म्हणजे तीर्थाला जायचं आणि आचमनही नाही?” आजी म्हणाल्या.

आबांचा मात्र या बातमीने तळ्यातला रस वाढला. ते पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. क्लीटवूड हे नाव कशावरून, हे शोधताना त्यांना १८८६ सालची मोजणी सापडली. क्लॅरेन्स डटन या लष्करी कप्तानाच्या हाताखाली सरकारने तळ्याची खोली मोजायचं ठरवलं. बरोबर आपला स्टील होताच. क्लीटवूड नावाची अर्ध्या टनाची होडी पोर्टलंडहून रेल्वेने आणली, पुढे घोडागाडीवर घालून जंगलातून कड्यापर्यंत ओढली, आणि कड्यावरून दोरांनी खाली पाण्यात सोडली. मग पियानोच्या तारेला वजन बांधून १६८ ठिकाणी खोली मोजली. सर्वांत जास्त भरली १,९९६ फूट. आजचा आकडा १,९४३. पियानोची तार हातात धरून, हलत्या होडीतून, शंभर फुटांमागे तीन फुटांचीही चूक नाही. आबा त्या संध्याकाळी फार खूश होते. जेवताना म्हणाले, “बघा, काम करणारा माणूस असला की साधन कुठलंही चालतं.” हे वाक्य जावयाच्या नव्या लॅपटॉपकडे बघून होतं.

त्याच स्टीलने १८८८ साली तळ्यात मासे सोडायचा घाट घातला. तळ्यात मूळचे मासे नव्हतेच. रोग नदीतून सहाशे पिल्लं बादल्यांत घालून डोंगर चढून आणली. काठावर पोहोचेपर्यंत सदतीस जगली. सहलीला व्हॉट्सॲपवर ‘हो’ म्हणणारे आणि प्रत्यक्ष गाडीत बसणारे यांचं प्रमाण याहून फार वेगळं नसतं. पण सदतिसांवर न थांबता पुढे १९४१ पर्यंत मासे सोडत राहिले, आणि रेनबो ट्राउट व कोकनी या दोन जाती आजही तिथे टिकून आहेत.

मुलांना तळ्यात रस नव्हता असं वर म्हटलं आहे. तो आणला एका ओंडक्याने. त्याचं नाव ‘ओल्ड मॅन ऑफ द लेक’. तिसेक फूट लांबीचा हेमलॉकचा बुंधा, पाण्यात आडवा न पडता सरळ उभा तरंगतो. चारेक फूट डोकं पाण्याबाहेर. जोसेफ डिलर या भूशास्त्रज्ञाने त्याची नोंद १८९६ साली केली, आणि तो अजून फिरतो आहे. १९३८ साली त्याच्यावर पाळत ठेवली, तर तीन महिन्यांत बासष्ट मैल हिंडून आला. १९८८ साली शास्त्रज्ञ छोट्या पाणबुडीतून तळ शोधत होते. हा मध्ये येऊ नये म्हणून त्याला तळ्यातल्याच विझर्ड आयलंडजवळ बांधून ठेवला. ताबडतोब हवा बिघडली, ऑगस्टमध्ये बर्फ पडलं. शेवटी त्याला सोडून दिलं आणि आकाश निवळलं, असं सांगतात. म्हाताऱ्या माणसाला एका जागी बसवून ठेवलं की घरात काय होतं, हे आजींना शास्त्रज्ञांकडून ऐकायची गरज नव्हती. त्यांनी फक्त आबांकडे पाहिलं.

प्रवासाचा मार्ग ठरवताना अचानक ऑरेगनचे करविषयक कायदे चर्चेत आले. जाताना माउंट शास्ताच्या पायथ्यावरून, वीड गावापाशी हायवे ९७ धरून सरळ क्लॅमथ फॉल्स. येताना मात्र वळसा घेऊन मेडफर्डवरून. कारण ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही. बे एरियात शंभराच्या खरेदीवर नऊ-दहा डॉलर कर बसतो, आणि भारतात परत न्यायच्या बॅगा अजून भरायच्या होत्या. ग्रुपवर एकाने हिशेब मांडला, की तीन कुटुंबांनी पुरेशी खरेदी केली तर पेट्रोलचे पैसे सुटतील. पुरेशी म्हणजे किती, हा आकडा आल्यावर तो ज्याने मांडला त्यानेच पुसला. तरी वळसा राहिला. वळशाला आबांचाही पाठिंबा होता, निराळ्या कारणाने. ऑरेगनमध्ये १९५१ पासून २०२३ पर्यंत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला बहुतेक ठिकाणी बंदी होती, आणि मेडफर्डसारख्या गावात पंपावर भरून देणारा माणूस आजही असतो. अमेरिकेत आल्यापासून जावई स्वतः नळी धरून उभा राहतो हे आबांच्या मनाला लागलेलं होतं. काच खाली करून ‘फुल कर’ म्हणण्याची संधी या देशात कुठे असेल, तर तिथून गेलंच पाहिजे.

आणि मग, सगळं ठरल्यावर, निघायला दहा दिवस असताना, आबांनी विचारलं, “साठा किती आहे?”

“कसला साठा?”

“पाण्याचा. तळ्याच्या.”

जावयाने शोधून सांगितलं, की अठरा-एकोणीस घनकिलोमीटर असेल. “असं नको,” आबा म्हणाले, “टीएमसी सांग.” जावयाला टीएमसी सांगता येईना. आबांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत मांडणी केली. आकडा सहाशे टीएमसीच्या वर गेला. कोयना १०५. उजनी ११७. जायकवाडी १०२. तिन्ही धरणं काठोकाठ भरून तळ्यात ओतली तरी तळं फार तर निम्म्यापर्यंत येईल. त्यांनी गुणाकार पुन्हा केला. तोच आला.

“लाभक्षेत्र किती?”

“काही नाही.”

“वीज?”

“नाही.”

“गाळ?”

गाळही फारसा नाही, कारण गाळ आणायला नदीच नाही. पाणी इतकं नितळ, की शास्त्रज्ञ त्यात एक तबकडी सोडून ती कुठवर दिसते ते पाहतात, आणि १९९७ साली ती १४२ फूट खोलीपर्यंत दिसत होती. मग पडणारं पाणी जातं कुठे? काही वाफ होऊन वर, बाकीचं कड्यातून झिरपून. येणं आणि जाणं यांचा मेळ असा बसला आहे, की पातळी वर्षानुवर्षं फारशी हलत नाही.

आबा बराच वेळ कालनिर्णय हातात धरून बसले. आयुष्यभर ज्यांनी आवर्तनाच्या तारखांवरून शिव्या खाल्ल्या, टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पोचलं नाही याचे खुलासे लिहिले, त्यांच्यापुढे सहाशे टीएमसीचा साठा होता. कालवा नाही, दरवाजा नाही, कालवा सल्लागार समिती नाही, आणि पातळी कायम. “झिरपतं म्हणजे गळती,” ते अखेर म्हणाले. “मोजतं कोण?”

जावयाने हे प्रश्न रेंजरला विचारता येतील असं सुचवलं. ते त्याने सहज सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी जावयाच्या सहलीच्या एक्सेल तक्त्यात शनिवारच्या रकान्यात दुरुस्ती दिसली: दोन ते दोन चाळीस, तळं पाहणे. दोन चाळीस ते तीन पंचवीस, आबांचे प्रश्न. तीन पंचवीस, आइस्क्रीम. पुणेकराने विचारलं, की रेंजरला आधी कळवायला नको का. अंगठेवाल्याने अंगठा दाखवला. मुलीने वडिलांना समजावलं, की तिथे लोक रांगेत असतात, पंचेचाळीस मिनिटं कोण देणार, एखाददुसरा प्रश्न विचारा.

“मी कशाला बोलत बसू?” आबा म्हणाले. “प्रश्न इंग्रजीत टाइप करून ठेवलेत. तू फक्त दोन प्रती काढ. एक त्यांच्या कार्यालयाला द्यायची, आणि एकीवर पोच घ्यायची.”